उधारीचा टाका

१

शिवणाच्या दुकानात केर म्हणजे दोरेच. बाई रोज सकाळी मशीनला तेल घालायच्या आधी दुकान झाडायच्या, आणि मग उकिडव्या बसून केरसुणीत गुंतलेले दोरे एकेक करून सोडवायच्या. "आपल्या घरी चहातसुद्धा दोरा निघतो," असं त्यांची मुलगी म्हणायची. तिला सगळे बारकी म्हणत. लहानपणी काडीसारखी होती, तेव्हा पडलेलं नाव. आता एकोणीस वर्षांची झाली, आईपेक्षा चार बोटं उंच झाली, चष्म्याच्या दुकानात कामाला लागली, तरी बारकी ती बारकीच.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत दुकान. तिथे पायमशीन, कापड बेतायचं टेबल, एक उभा आरसा आणि भिंतीवर खिळ्यांची रांग. तयार कपडे त्या खिळ्यांवर टांगलेले असायचे. मागच्या खोलीत स्वयंपाक आणि दोन खाटा. नवरा गेला तेव्हा बारकी पोटात होती. त्यानंतर दोन जिवांचं सगळं या एका मशीनवर चाललं होतं.

बाई स्वभावाने मवाळ. गिऱ्हाइकाशी भांडण त्यांना कधी जमलं नाही. पण उधारी तर प्रत्येकाच्या पाचवीला पुजलेली, म्हणून त्यांना शिवण शिकवणाऱ्या मास्तरांनी एक युक्ती सांगून ठेवली होती. कपडा उधारीवर द्यायचा झाला तर आतल्या बाजूची, दिसणार नाही अशी एक शिवण पक्की करायची नाही. पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा धावदोरा घालून सोडायची. पैसे आले की, "जरा द्या बघू इकडे, एक टाका राहिलाय," म्हणायचं, वरून मशीन मारायची आणि पांढरा दोरा काढून घ्यायचा. पैसे नाही आले तर दोन-चार धुण्यांत शिवण सुटते आणि गिऱ्हाईक आपल्या पायांनी परत येतं. "उधारीचा कपडा आपलाच असतो," मास्तर म्हणायचे, "घालणारा नुसता सांभाळतो."

आणि कुणी हात झटकून म्हणालंच, की हा कपडा माझा नव्हे, तुम्हीच काय ते त्याचं करा, तर बाई वाद घालायच्या नाहीत. कपडा खिळ्यावरून काढायच्या, शांतपणे उसवायच्या आणि कापडाची घडी घालून कपाटात ठेवायच्या. त्यात कापडाचा काय दोष?

मापांची वही मात्र त्या देवासारखी जपायच्या. मोठ्या माणसांची मापं शाईने लिहायची, लहान मुलांची पेन्सिलीने, कारण ती बदलणार. बारकी अठराची झाली त्या दिवशी बाईंनी तिचं माप पहिल्यांदा शाईने लिहिलं होतं. खांदा चौदा. "झालं, आता तू ठरलीस," असं म्हणून दोघी हसल्या होत्या. त्याच पानावर वर बाईंचं माप होतं, कितीतरी वर्षांचं. खांदा पंधरा.

मंगळवारी अकराच्या सुमाराला टपाल आलं. विजेचं बिल, आणि एक जाड पिवळट पाकीट. पाकिटावर बाईंचं पूर्ण नाव, पत्ता, अगदी "पुढची खोली" इथपर्यंत. आत दोन कागद. बाईंच्या डोळ्यांत आधी भरलं ते लिहिलेलं नाही. ते दोन कागद टाचणीने जोडलेले नव्हते. ते शिवलेले होते. डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याचे तीन टाके, एकसारखे, तांदळाएवढे.

चांगला हात आहे, असं बाईंच्या मनात आलं. आणि मग त्यांनी वाचलं.

उधारीवर दिलेली वस्तू: एक. दिल्याची तारीख सोळा वर्षांपूर्वीची. जमा: काही नाही. बाकी: संपूर्ण. मुदत संपली आहे, तरी पंधरा दिवसांत उत्तर द्यावे.

२

शेजारी एक निवृत्त कारकून राहायचे. सगळे त्यांना कारकूनकाका म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी कागदाला कागद लावण्यात घालवली होती, आणि आता कुणाला काही सरकारी, बँकेचं, कोर्टाचं आलं की त्यांचा दिवस सोन्याचा व्हायचा. त्यांनी पत्र उजेडाला धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं, नाकाशीही नेलं.

"वस्तू कुठली ते लिहिलं नाही, आकडा नाही, सही नाही," ते म्हणाले. "बाई, हे लोक असेच असतात. शंभर जणांना पाठवतात, त्यातले दहा घाबरून भरतात. तुम्ही घेतलंय का काही कुणाकडून?"

बाईंनी खूप आठवून पाहिलं. मशीन घेतली होती हप्त्यांवर, ते हप्ते कधीच फिटले. वाण्याचा एक पैसा ठेवला नव्हता. बारकीच्या आजारपणात थोरल्या दिराने मदत केली होती, तीही शिवून शिवून फेडली. कुणाचं घेणं नाही, कुणाचं देणं नाही, हाच तर त्यांचा एक अभिमान होता.

"मग कर नाही त्याला डर कशाला? पण गप्प बसायचं नाही. गप्प बसलं की ते मान्य केल्यासारखं धरतात. उत्तर लेखी द्यायचं, आणि तीन ओळींत. रडगाणं नको, घरची कहाणी नको." काकांनी सांगितलं आणि बाईंनी लिहून घेतलं. आपले पत्र मिळाले. या देण्याची मला माहिती नाही. माझ्या सहीचा पुरावा पाठवावा.

काका चहा पिऊन गेले. जाताना म्हणाले की पत्र शिवून पाठवणारं ऑफिस त्यांनी जन्मात पाहिलं नाही, बहुतेक टाचण्यांचंही त्यांचं देणं थकलं असावं.

बाईंनी पत्र साफ कागदावर उतरवलं. तीन ओळी फारच उद्धट वाटायला लागल्या. ज्याने एवढे सुबक टाके घातले त्याला नुसतं "पुरावा पाठवा"? त्यांना काहीतरी निर्मळ, भांडण मिटवणारं लिहायचं होतं. मग त्यांनी खाली आपल्या मनाने एक ओळ घातली, त्यांच्या दुकानात शंभरदा ऐकलेली.

ती वस्तू माझी नाही. तुम्हीच काय ते तिचे करावे.

पत्र रजिस्टर करून टाकलं, पावती वहीत ठेवली, आणि त्या रात्री बाई शांत झोपल्या.

३

चार दिवसांनी, सकाळी, बारकी आरशासमोर वेणी घालत होती आणि बाई तिच्या मागून कपाटाकडे चालल्या होत्या. बारकीच्या मानेवर, केस जिथे सुरू होतात तिथे, एक पांढरा दोरा दिसला. बोटभर लांब.

"थांब गं, दोरा लागलाय," म्हणत त्यांनी तो चिमटीत धरला.

दोरा निघाला नाही.

आता बारकीला त्यांनीच लहानपणापासून शिकवलं होतं, दोरा कधी ओढायचा नाही, कापायचा. ओढला तर कुठवर जाईल त्याचा नेम नसतो. पण हात पुढे गेलेला होता. त्यांनी किंचित ओढलं. दोरा वीतभर बाहेर आला. गुळगुळीत, अजिबात न अडकता, जसा धावदोरा येतो तसा. आणि बारकी बोलता बोलता थांबली.

ती दुकानातल्या मालकांची काहीतरी गंमत सांगत होती. तोंड उघडं, हात वेणीत, आणि पुढचं काही नाही. मग तिने आरशातून आईकडे पाहिलं आणि सावकाश विचारलं, "मी काय सांगत होते?"

बाईंनी दोरा सोडून दिला. मागे हात घेतला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपली चिमूट अजून तशीच आवळलेली आहे. पुळी असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. पुळीवर खपली धरली, खपलीत दोरा अडकला. घरभर दोरे, त्यात काय नवल? त्यांनी लांब राहिलेला दोरा वेणीखाली दडवला आणि डबा भरायला गेल्या. डब्याचं झाकण दोनदा चुकीचं लागलं.

संध्याकाळी बारकी आली ती थकून. कामावर तिने दोन चष्मे पाडले होते. डावा हात वेळेवर येत नाही, म्हणाली. म्हणजे मी उचलते, पण तो मागाहून येतो. मालक म्हणाले, आता तुलाच चष्मा लागलाय. ती हसली, पण अंगाला हात घासत राहिली.

"थंडी वाजतेय का?"

"थंडी नाही गं." तिने जरा विचार केला. "आतून वारा लागतोय."

तिने घातलेला कुडता बाईंनी गेल्याच महिन्यात शिवला होता. खांद्यावर तो आता ताणलेला दिसत होता. बाईंनी सहज केल्यासारखं करून टेप घेतला आणि मागून लावला. साडेचौदा. पुन्हा लावला. साडेचौदा. त्यांनी वही उघडून पाहिली. शाईने लिहिलेलं होतं, चौदा. आपण चुकीचं लिहिलं असेल, असं त्या मनाला समजावत राहिल्या. पण तीस वर्षांत त्यांचं माप चुकलं नव्हतं, आणि शिवणाऱ्या बाईला एक गोष्ट कुणी सांगावी लागत नाही. मधली शिवण सुटायला लागली की माप वाढतं. दोन्ही तुकडे लांब जातात.

दुसऱ्या दिवशी पावणेपंधरा होतं.

डॉक्टरांनी तपासलं. अशक्तपणा आहे, म्हणाले, गोळ्या दिल्या. मानेवर काय आहे ते पाहा, असं बाई म्हणाल्या, तेव्हा त्यांनी केस बाजूला केले, पाहिलं आणि म्हणाले, "दोरा आहे. तुमच्या दुकानातला." आणि सवयीने चिमूट पुढे केली. बाईंनी त्यांचा हात इतक्या जोरात धरला की डॉक्टर चकित होऊन मागे सरले.

४

उत्तर नवव्या दिवशी आलं. तसंच पाकीट, तसेच तीन टाके.

आपला नकार मिळाला. वस्तू आपली नाही असे आपण कळवल्याची नोंद घेतली आहे. आपल्या सूचनेप्रमाणे वस्तू उसवून कापड परत घेण्याचे काम सुरू केले आहे. आपण मागितलेला पुरावा सोबत जोडला आहे.

सोबत कागद नव्हता. हातरुमालाएवढा कापडाचा तुकडा होता. पांढरा, धुऊन धुऊन मऊ पडलेला, दवाखान्याच्या चादरीचा असतो तसा. मधोमध एक फाटलेली जागा, आणि ती निळ्या दोऱ्याने रफू केलेली.

रफू बाईंचं होतं. आपला टाका माणूस अक्षरासारखा ओळखतो.

तेव्हा कुठे त्यांना ती तारीख लागली. सोळा वर्षांपूर्वीची मापांची वही त्यांनी माळ्यावरून काढली. त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे चाळीस दिवस कोरे होते. बारकी तीन वर्षांची होती, आणि ते चाळीस दिवस दवाखान्यात गेले होते.

दुपारची वेळ होती. वॉर्डच्या मोठ्या खिडक्यांतून ऊन आलेलं. डॉक्टर येऊन गेले होते आणि बाईंशी न बोलता दाराबाहेर दिराशी बोलत होते, आणि दिराने भिंतीला हात टेकला होता. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. बारकीवर घातलेली चादर कोपऱ्यात फाटली होती. हातांना काहीतरी काम हवं होतं. पिशवीत सुई आणि निळा दोरा होता. त्या चादर रफू करायला लागल्या. खाटेच्या पलीकडे स्टुलावर कुणी बाई बसली होती. दवाखान्यातलीच कुणी, असं त्यांनी धरलं. तीही काहीतरी शिवत होती. वर न बघता ती म्हणाली की हात चांगला आहे तुमचा.

आणि बाई बोलल्या होत्या. काय बोलल्या ते आता, सोळा वर्षांनी, वही मांडीवर घेऊन बसल्या असताना, त्यांना शब्दन् शब्द ऐकू आलं. वेगळं काही नव्हतंच. रोज त्यांच्या दुकानात येऊन लोक तेच म्हणायचे.

"ही मला आत्ता द्या. पैशाचं मागाहून बघू."

त्या बाईने हातातला टाका पुरा केला. मग म्हणाली, "बरं. पण कच्चं देते."

त्या संध्याकाळी बारकीने पाणी मागितलं. सगळे म्हणाले, देवाची कृपा. बाईही तेच म्हणत आल्या होत्या.

मागच्या खोलीतून बारकीने हाक मारली. आवाज दोन ठिकाणांहून आल्यासारखा वाटला.

५

पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता. बारकीजवळ बसायला कारकूनकाकांना सांगितलं, आणि तिच्या केसांना, मानेला हात लावायचा नाही, असं दोनदा बजावलं. काका मान डोलावून खाटेशी बसले. बाईंचा चेहरा बघूनच त्यांची पाचावर धारण बसली असावी.

इमारत साधी होती. खाली दातांचा दवाखाना, वर टंकलेखनाचा वर्ग. तिसऱ्या मजल्यावर लांब बोळ, आणि त्याच्या टोकाला एक दार. बोळात टंकलेखनाची टकटक ऐकू येत होती. दाराशी पोचल्यावर ती बंद झाली आणि दुसरा आवाज ऐकू आला, अगदी बारीक. टक. थांब. टक. हा आवाज बाईंना झोपेतही ओळखू आला असता. टाक्याखाली पातं सरकवून एकेक टाका तोडताना होतो तो.

आत एक काउंटर, एक घड्याळ, बाकड्यावर कुणी नाही. काउंटरमागे एक बाई. वय सांगता येईना. मधल्या बोटात सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान होतं आणि ती त्यानेच रजिस्टरची पानं उलटत होती. ही स्टुलावरची का? बाईंना तो चेहरा आठवत नव्हता. तेव्हा त्यांनी पाहिलाच नव्हता.

बाईंनी पत्र पुढे ठेवलं. चुकून लिहिलं, म्हणाल्या. मला ठाऊक नव्हतं तुम्ही कशाबद्दल विचारताय. ती माझी आहे, पहिल्यापासून माझी आहे, तो कागद फाडून टाका. त्या हळू बोलत होत्या, जोरात बोललं तर आतला आवाज भरभर व्हायला लागेल अशी भीती वाटत होती.

"काम हातात घेतलंय," काउंटरवरची बाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "अर्ध्याच्या वर उसवून झालं. तुम्हीच लिहिलंत ना, तुमच्या हाताने? आणि तुमच्या दुकानात तुम्ही काय करता?"

"हेच करते."

"मग."

आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे लावणार, असं त्या आयुष्यभर इतरांच्या दुःखाला म्हणत आल्या होत्या. काउंटरच्या बाजूला अर्ध्या उंचीचं दार होतं, आणि ते नीट लागलेलं नव्हतं. फटीतून त्यांना पलीकडची खोली दिसली. लांब. कितीतरी लांब, ती इमारत तेवढी नव्हतीच. भिंतीला खिळ्यांची रांग. खिळ्यांवर काही काही टांगलेलं, सपाट, घडी पडलेलं, पाठ भिंतीकडे केलेलं. आणि जवळच्या टेबलावर दोन हात, पुढे वाकून काम करणारे. त्या हातांखाली जे होतं त्याच्या कडेला एक बाही होती. बाहीला मनगट होतं. मनगटावर बारकीचा तीळ होता.

बाईंनी डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा दार लागलं होतं.

"कापड बदलून चालेल?" त्या म्हणाल्या. आपला आवाज त्यांना दुकानातल्यासारखा वाटला, रोजचा, घासाघीस करतानाचा. "एखाद्याचं कापड आपल्या हातून खराब झालं, तर आपण त्याला तेवढंच दुसरं देतो. नियम आहे तो."

काउंटरवरची बाई पहिल्यांदा नीट वर बघून म्हणाली, "पोत जुळायला लागतो."

"जुळेल."

तिने हात पुढे केला, बाईंच्या दंडाजवळची कातडी दोन बोटांत धरली आणि चोळून पाहिली. उजेडाकडे वळवून पाहिली.

"वापरलेलं आहे."

"धुऊन मऊ झालंय," बाई म्हणाल्या. "विरलेलं नाही. अजून टिकेल."

ती जराशी हसली, एका कारागिराने दुसऱ्याला हसावं तशी. मग रजिस्टरात काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, आणि काउंटरला वळसा घालून बाहेर आली. "मान खाली करा."

फारसं काही जाणवलं नाही. कुडत्याच्या गळ्याला मागची चिठ्ठी लावताना लागतं तेवढंच. सहा टाके. बाईंनी मोजले.

"तिचं पक्कं करायचं काम तुमचं. दोरा तुमचाच लावा. आधी शिवायचं, मग आमचा काढायचा, उलट करू नका." ती पुन्हा काउंटरमागे गेली. "तुमची मुदत पत्राने कळवू. बरीच देऊ, तुमचा हात चांगला आहे. फक्त गाठ सांभाळा. गाठ गेली की पुढचं तुम्हाला मी सांगायला नको."

६

साडेतीन वाजता बाई घरी पोचल्या. कारकूनकाका उंबऱ्याबाहेर उभे होते. आत बसवेना, म्हणाले. ती बोलते, पण ओठ आधी हलतात.

बाईंनी बारकीला उचलून दुकानातल्या आरशासमोर स्टुलावर बसवलं. ती जड नव्हती. घडी उचलावी तशी उचलली गेली. खिडकीतून दुपारचं पिवळं ऊन तिच्या मानेवर पडलं होतं, आणि पांढरा दोरा आता कंबरेपर्यंत लोंबत होता.

"आई, तू शिवणार आहेस का मला?" बारकीने विचारलं. घाबरून नाही. पाच वर्षांच्या पोरीने विचारावं तसं.

"एक टाका राहिलाय," बाई म्हणाल्या. "हलू नकोस."

त्यांनी सुईत निळा दोरा ओवला. पहिल्या फटक्यात ओवला गेला. केस बाजूला केले. तिथे काय होतं ते त्यांनी पाहिलं, पण त्याकडे पाहिल्यासारखं केलं नाही. सुई टोचताना कातडी लागली नाही. जुनं, मऊ सुती कापड लागलं. त्यांनी उलट टाका घालून शिवलं, बारीक, दुहेरी, आयुष्यात कधी इतकं सुबक शिवलं नसेल असं. शिवण खाली खाली गेली, खांद्यांच्या मधून. मग गाठ मारली, दाताने दोरा तोडला, आणि पांढरा दोरा हळूहळू ओढून काढला. तो सगळा आला. शेवटचं टोक सुटलं तेव्हा बारकीने मोठा श्वास घेतला, पाण्यातून वर यावं तसा.

"वारा थांबला," ती म्हणाली. आवाज एकाच ठिकाणाहून आला.

टेप लावला. चौदा.

बाई खाली फरशीवरच बसल्या. त्यांना हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही आवरत त्या केरातले दोरे उगाचच गोळा करायला लागल्या. बाहेरून काकांनी खाकरून विचारलं की सगळं ठीक आहे ना. बारकीने आतूनच त्यांना सांगितलं की चहा टाकते, त्यात दोरा निघाला तर तक्रार करायची नाही. काका मोठ्याने हसले. बऱ्याच दिवसांनी घरात कुणी हसलं.

बारकी उठली, दोन्ही हात वर करून आळस दिला. दोन्ही हात एकदमच वर गेले. आईच्या मागून स्वयंपाकाकडे जाताना ती थांबली.

"आई, तुझ्या मानेवर दोरा आहे."

"राहू दे," बाई झटकन म्हणाल्या. मान सावरायला हात वर नेला. "राहू दे गं, ओढू नकोस."

"ओढतेय कुठे? कापते. तूच तर शिकवलंस."

टेबलावरची कात्री तिच्या हाताशीच होती. पोरीचा हात चपळ, आणि आता वेळेवर येणारा. बाईंनी कात्रीचा आवाज आयुष्यभर ऐकला होता. इतक्या जवळून ऐकला नव्हता. काहीतरी अगदी हलकं, मुगाच्या दाण्याएवढं, त्यांच्या खांद्यावरून घरंगळून फरशीवर पडलं. गाठ होती.

"झालं," बारकी म्हणाली आणि तिने वाकून आईच्या मानेचा मुका घेतला.

बाई तिच्याकडे वळल्या. ती समोर उभी होती, उंच, गालांवर रंग आलेला, सगळी एकसंध. तिला काय सांगायचं? काहीच सांगायचं नव्हतं. त्यांनी गाठ उचलून मुठीत धरली. दार बंद होतं, खिडकीचं तावदान लावलेलं होतं, तरी कुठूनतरी बारीक गार झुळूक यायला लागली. बाहेरून नाही.

"बारके, चहा राहू दे जरा. टेप घे. माझे खांदे मोज बघू."

बारकीला गंमत वाटली. आईचं माप तिने आजवर कधी घेतलं नव्हतं. ती मागे उभी राहिली, आईने शिकवल्याप्रमाणे टेप सरळ धरला, वाकून आकडा वाचला.

"साडेपंधरा," ती म्हणाली, आणि वही ओढून घेत तिने पेन उघडलं. "लिहून ठेवू?"

"ठेव," बाई म्हणाल्या. "पेन्सिलीने लिही."